आरोग्यसुरक्षेसाठी सदनिकेत केले जाणारे बदल आणि सहकारी गृहनिर्माण संस्थांतील वाद : जूचंद्र परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

वार्धक्य, अपंगत्व, श्वसनविकार किंवा लहान मुलांची सुरक्षितता या कारणांसाठी राहत्या घरात बदल करणे अनेक कुटुंबांना अपरिहार्य ठरते. सहकारी गृहनिर्माण संस्थेत मात्र असा प्रत्येक बदल उपविधी, व्यवस्थापक समिती आणि सर्वसाधारण सभा यांच्या कक्षेत येतो आणि त्यातून वाद उद्भवतात. प्रस्तुत लेखात या वादांची कारणे, विद्यमान कायदेशीर चौकट आणि तिच्यातील उणीव यांचे विवेचन केले आहे. असा बदल ‘करू द्यायचा की नाही’ आणि तो ‘कसा करायचा’ या दोन प्रश्नांची गल्लत हे बहुतेक वादांचे मूळ आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : सहकारी गृहनिर्माण संस्था, आदर्श उपविधी, वाजवी समायोजन, सामाईक जागा, ज्येष्ठ नागरिक.

१. प्रस्तावना

महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक सहकारी गृहनिर्माण संस्था आहेत. शहरी मध्यमवर्गाच्या दृष्टीने गृहनिर्माण संस्था ही लोकशाहीची सर्वांत जवळची पायरी होय. येथे मतदार एकमेकांना नावाने ओळखतात आणि बहुमताने झालेल्या ठरावाचा परिणाम दुसऱ्याच दिवशी जिन्यात दिसतो. त्यामुळेच येथील मतभेदही अधिक तीव्र असतात. वाहनतळ, गळती आणि देखभाल शुल्क यांवरील वाद सर्वपरिचित आहेत. त्यांच्या तुलनेने कमी चर्चिला गेलेला, परंतु वाढत्या महत्त्वाचा विषय म्हणजे आरोग्य आणि सुरक्षितता यांसाठी सभासदाने केलेले अथवा करू इच्छिलेले बदल.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या १० कोटी ३८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. ज्यांनी तिशी-चाळिशीत सदनिका घेतली ते आज साठी-सत्तरीत आहेत. घर तेच राहिले, परंतु घरात राहणाऱ्याचे शरीर बदलले. तेव्हा सहज चढता येणारा जिना आज अडसर ठरतो आणि तेव्हाचे भारतीय पद्धतीचे शौचालय आज गुडघ्यांना पेलवत नाही. हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. न्हाणीघरात घसरून खुब्याचे हाड मोडणे ही वृद्धापकाळात अनेकदा कायमच्या परावलंबनाची सुरुवात असते.

२. पार्श्वभूमी : ओट्यापासून सदनिकेपर्यंत

वसई तालुक्यातील जूचंद्र हे गाव या स्थित्यंतराचे बोलके उदाहरण आहे. चंडिका देवीचे मंदिर आणि रांगोळी कलावंतांची परंपरा यांमुळे परिचित असलेले हे गाव नायगाव पूर्व भागात, वसई-दिवा रेल्वेमार्गावर वसले आहे. मूळ गावठाणाभोवती गेल्या काही दशकांत निवासी इमारती उभ्या राहिल्या. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली, तर १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. २०११ मध्ये महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या १२ लाखांच्या पुढे गेलेली होती.

गावठाणातील घर आणि इमारतीतील सदनिका यांतील भेद या विषयात मूलभूत आहे. गावठाणातील घरमालकाला आजारी आईसाठी ओट्याच्या पायरीशेजारी उतरण करावयाची असेल, तर तो निर्णय मुख्यत्वे त्या कुटुंबाचा असतो. सदनिकेत तीच उतरण इमारतीच्या प्रवेशद्वाराशी येते. ती जागा सर्वांची असल्याने निर्णयही सर्वांचा होतो. शेजारी तोच, आजार तोच आणि गरजही तीच. मात्र जमिनीवरील व भिंतीवरील मालकीचे स्वरूप बदलल्याने एक घरगुती बाब संस्थेच्या विषयपत्रिकेवर येते.

सागरी व खाडीकाठच्या या सखल प्रदेशाचे एक भौगोलिक वैशिष्ट्यही येथे लक्षात घ्यावे लागते. मिठागरे आणि पाणथळ जमिनी यांच्या सान्निध्यामुळे पावसाळ्यात पाणी साचणे हा येथील नित्याचा अनुभव आहे. जुलै २०१८ मधील अतिवृष्टीत वसई-विरारचे अनेक भाग जलमय झाले होते. पाणी तळमजल्यात शिरू नये म्हणून इमारतीचे जोते उंच घेतले जाते. जोते उंच म्हणजे पायऱ्या अधिक आणि चाकाच्या खुर्चीसाठी लागणारा रॅम्पही लांब. अशा रीतीने पुरापासून संरक्षण देणारी रचना चालता न येणाऱ्या व्यक्तीला घरात अडकवून ठेवते.

३. बदलांचे तीन प्रकार

वादांचे स्वरूप समजण्यासाठी बदल कोणत्या भागाला स्पर्श करतो, यावरून त्यांचे तीन गट करणे उपयुक्त ठरते.

अ) सदनिकेच्या अंतर्भागातील बदल : शौचालयात व न्हाणीघरात आधारदांड्या बसविणे, घसरण न होणारी फरशी घालणे, भारतीय पद्धतीच्या जागी कमोड बसविणे, चाकाची खुर्ची जावी म्हणून दरवाजा रुंद करणे इत्यादी. यांतील आधारदांडीमुळे शेजाऱ्याला ड्रिलच्या आवाजापलीकडे उपद्रव होत नाही. कमोडची गोष्ट मात्र वेगळी आहे. शौचालयाचा स्लॅब सामान्यतः खाली घेतलेला असतो व त्यावरील भरावात नळ, ट्रॅप आणि पाणीरोधक थर असतात. जुने भांडे काढताना हा थर तुटला आणि तो पुन्हा नीट केला नाही, तर काही महिन्यांत खालच्या सदनिकेच्या छतावर ओल उमटते. दरवाजा रुंद करतानाही भिंतीचे स्वरूप पाहावे लागते. आरसीसी सांगाड्याच्या इमारतीत आतील विटांची भिंत सहसा इमारतीचा भार वाहत नाही. भारवाही भिंतींच्या जुन्या इमारतीत मात्र तीच कृती धोकादायक ठरते. स्तंभ व तुळई यांना कोणत्याही इमारतीत हात लावता येत नाही.

आ) बाह्यदर्शनी भागातील बदल : डासांपासून संरक्षणासाठी जाळ्या, कबुतरांना अटकाव करणारी जाळी, लहान मुले पडू नयेत म्हणून खिडकीला ग्रिल हे बदल या गटात येतात. कबुतरांच्या विष्ठेतील व पिसांतील कणांमुळे काही व्यक्तींना अतिसंवेदनशील फुप्फुसदाह होऊ शकतो, ही बाब वैद्यकशास्त्रात प्रस्थापित आहे. जुलै २०२५ मध्ये मुंबईतील ५१ कबुतरखाने बंद करण्याच्या निर्णयानंतर हा विषय सार्वजनिक चर्चेत आला. संस्थांमध्ये मात्र तो आधीपासूनच धुमसत होता. एका सभासदाने कबुतरांना दाणे घालावेत आणि दुसऱ्याने त्याच कबुतरांपासून संरक्षणासाठी लावलेल्या जाळीवर ‘इमारतीचे सौंदर्य बिघडते’ असा आक्षेप यावा, असे प्रसंग घडतात. ग्रिलच्या बाबतीत दोन सुरक्षा परस्परविरोधी ठरतात. मूल पडू नये म्हणून बसविलेले पूर्णतः बंद ग्रिल आगीच्या प्रसंगी सुटकेची वाट बंद करते. उघडता येणारा भाग असलेले ग्रिल हा त्यावरील सर्वमान्य उपाय होय.

इ) सामाईक जागेतील बदल : प्रवेशद्वाराशी रॅम्प, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, जिन्यावरील सरकती खुर्ची आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीत नव्याने लिफ्ट बसविणे. सर्वाधिक तीव्र वाद याच गटात होतात. रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा अधिक तीव्र असू नये, हे सर्वमान्य मानक आहे. त्यानुसार जोते ४५० मिलिमीटर उंच असल्यास रॅम्पची लांबी ५.४ मीटर होते. ६०० मिलिमीटर असल्यास ती ७.२ मीटरवर जाते. एका मोटारीसाठी साधारणतः ५ मीटर लांब व २.५ मीटर रुंद जागा धरली जाते. म्हणजेच आखूड अंगणाच्या इमारतीत रॅम्प हवा असल्यास कोणाची तरी गाडी हलवावी लागते. सभेत विरोध होतो तो उताराला नव्हे, तर जाणाऱ्या वाहनतळाला. ही गोष्ट स्पष्टपणे बोलली जात नाही आणि म्हणून सुटतही नाही.

४. विद्यमान कायदेशीर चौकट

सभासद व संस्था यांचे संबंध महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि संस्थेचे उपविधी यांनी नियंत्रित होतात. २०१९ च्या दुरुस्तीने या अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी ‘तेरा-ब’ हे स्वतंत्र प्रकरण समाविष्ट झाले. आदर्श उपविधींनुसार सदनिकेत वाढ अथवा फेरफार करण्यापूर्वी सभासदाने व्यवस्थापक समितीची लेखी पूर्वपरवानगी घेणे आवश्यक आहे. त्यासाठी तपशिलासह सचिवाकडे अर्ज करावा लागतो. शौचालय, मोरी इत्यादींमुळे होणाऱ्या अंतर्गत गळतीची दुरुस्ती संबंधित सभासदाने स्वखर्चाने करावयाची, तर पावसाच्या पाण्याची तसेच सामाईक नळवाहिन्यांची गळती संस्थेने दुरुस्त करावयाची, असा भेदही उपविधींत आहे. लिफ्टच्या देखभालीचा खर्च, ती कोण वापरतो याचा विचार न करता, त्या इमारतीतील सर्व सभासदांवर समान आकारला जातो. तळमजल्यावरील सभासद नव्या लिफ्टला विरोध करतात त्याचे एक कारण या तरतुदीत आहे.

दुसऱ्या बाजूने महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ मध्ये एक सवलत आहे. वारसा वास्तू वगळता, ज्या सुधारणा केवळ इमारतीच्या अंतर्भागापुरत्या असतात किंवा ज्यांमुळे बाह्य स्वरूपात लक्षणीय फरक पडत नाही, त्यांसाठी विकास परवानगीची गरज नाही. अर्थात आधारदांडी किंवा फरशी यांसाठी महानगरपालिकेकडे जावे लागत नाही. समितीकडे मात्र जावे लागते. नगररचना कायदा अंतर्गत व बाह्य बदलांत भेद करतो. उपविधींतील परवानगीची प्रक्रिया मात्र साऱ्या फेरफारांसाठी एकच आहे.

अपंग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ हा या चौकटीतील तिसरा घटक होय. १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेल्या या अधिनियमात ‘वाजवी समायोजन’ ही संकल्पना आहे. अपंग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने हक्क उपभोगता यावेत म्हणून केलेले, परंतु समोरच्यावर अवाजवी बोजा न टाकणारे आवश्यक फेरबदल, असा तिचा आशय आहे. विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे दायित्व शासनाबरोबर खासगी पक्षांनाही लागू होणारे सकारात्मक दायित्व म्हणून मांडले. अधिनियमातील ‘खासगी आस्थापना’ या संज्ञेत सहकारी संस्थेचा उल्लेखही आहे.

तथापि विद्यमान इमारती सुगम्य करण्याचे स्पष्ट बंधन आहे ते ‘सार्वजनिक इमारती’वर. सार्वजनिक इमारत म्हणजे जिचा वापर सर्वसामान्य जनता करते ती. शाळा, रुग्णालय, न्यायालय, रेल्वे स्थानक यांचा तीत समावेश होतो. खासगी निवासी इमारतीचा उल्लेख तेथे नाही. राजीव रतूडी खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेची किमान मानके बंधनकारक असली पाहिजेत, असा निर्णय दिला. तरीही घराच्या दारापासून रस्त्यापर्यंतचे अंतर कायद्याच्या दृष्टीने धूसरच राहते. रुग्णालयाला रॅम्प आहे. पण रुग्णालयात जाण्यासाठी उतरावयाच्या तीन मजल्यांचा निर्णय सर्वसाधारण सभेवर सोडलेला आहे. शिवाय दम्याचा रुग्ण किंवा गुडघेदुखीने त्रस्त वृद्ध कायद्याच्या व्याख्येनुसार ‘अपंग’ ठरेलच असे नाही.

उपविधींच्या स्थानाविषयी न्यायालयांची भूमिकाही ध्यानात घेतली पाहिजे. झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सभासद हा संस्थेच्या उपविधींनी बांधला जातो, हे तत्त्व अधोरेखित केले. म्हणूनच केवळ ‘घर माझे आहे’ हा युक्तिवाद सभासदाला पुरेसा ठरत नाही. अपंगत्वाच्या प्रकरणी ‘ठराव आमचा आहे’ हा युक्तिवाद संस्थेलाही यापुढे पुरेसा ठरू नये.

५. वादाचे स्वरूप आणि दाद मागण्याचे मार्ग

समित्यांची भीती निराधार असते असे म्हणता येत नाही. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस विरार पूर्व येथील रमाबाई अपार्टमेंट या इमारतीचा भाग कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. अशा दुर्घटनेनंतर भिंतीवर पडणाऱ्या प्रत्येक हातोड्याचा आवाज रहिवाशांना अस्वस्थ करतो. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची दर पाच वर्षांनी व त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी करणे अपेक्षित आहे. ज्या संस्थेत अशी तपासणी झालेली नसते, तेथे समितीजवळ ‘हो’ म्हणण्यास तांत्रिक आधार नसतो आणि ‘नाही’ म्हणणे सोपे पडते. नकाराचे कारण सुरक्षितता आहे की केवळ अनिच्छा, हे मग अर्जदाराला कळत नाही.

सभासदाच्या बाजूनेही चूक होते. नकार मिळेल या धास्तीने परवानगी न मागताच काम उरकले जाते. मग गळती झाल्यावर चर्चा गरजेवरून शिस्तीवर येते. आजारी व्यक्ती बाजूला पडते आणि ‘नियम सर्वांना सारखा’ हे वाक्य पुढे येते. नियम सर्वांना सारखा असावा हे खरेच. पण जिना सर्वांना सारखा नसतो.

दाद मागण्याचे मार्ग अनेक आहेत आणि हेच एक संकट आहे. आदर्श उपविधींत तक्रारींची विभागणी दिलेली आहे. समिती व सर्वसाधारण सभा यांचे ठराव, दुरुस्ती आणि गळती यांसंबंधीचे वाद सहकार न्यायालयाकडे जातात. सभासदाने केलेले अनधिकृत फेरफार महानगरपालिकेच्या अखत्यारीत येतात. उपद्रवाची तक्रार पोलिसांकडे, तर संस्थेच्या कारभाराविषयीची तक्रार निबंधकाकडे करावयाची असते. अपंग व्यक्तीला पुणे येथील राज्य आयुक्तालयाकडेही जाता येते. एकाच कमोडच्या कामात फेरफार, गळती आणि ठराव असे तिन्ही पैलू असल्याने तक्रारदाराला एका कार्यालयातून दुसऱ्याकडे पाठविले जाणे स्वाभाविक होते. पंचाहत्तरीतील व्यक्तीच्या दृष्टीने अनेक वर्षांनी मिळणारा अनुकूल निकाल हा व्यवहारतः नकारच असतो.

६. इतर देशांतील तरतुदी

हाच प्रश्न अन्य देशांनी कसा हाताळला हे पाहणे उद्बोधक ठरेल. अमेरिकेत १९८८ च्या न्याय्य गृहनिर्माण कायद्यातील दुरुस्तीनुसार अपंग रहिवाशाने स्वखर्चाने करावयाच्या वाजवी बदलास परवानगी नाकारणे हा भेदभाव मानला जातो. जर्मनीने १ डिसेंबर २०२० पासून सदनिका-मालकी कायद्यात बदल केला. अपंग व्यक्तींच्या वापरासाठी आवश्यक व उचित बांधकाम-बदलाची मागणी करण्याचा हक्क प्रत्येक मालकास मिळाला. तो कसा अमलात आणावयाचा हे मात्र मालकांची सभा ठरविते आणि खर्च मागणी करणारा सोसतो. सिंगापूरमध्ये २०१२ पासून एका शासकीय योजनेद्वारे ज्येष्ठांच्या घरी आधारदांड्या बसविणे व न्हाणीघराची फरशी न घसरणारी करणे यांसाठी अनुदान मिळते.

या तीन उदाहरणांत तीन वेगळे भर आहेत. अमेरिकेने नकाराला मर्यादा घातली, जर्मनीने हक्क व पद्धत यांची विभागणी केली, तर सिंगापूरने खर्चाचा भार उचलला. महाराष्ट्रातील संस्थांच्या दृष्टीने जर्मन विभागणी विशेष मार्गदर्शक आहे. बदल करावयाचा की नाही, हे गरज ठरविते. कसा करावयाचा, हे सभा ठरविते. आपल्याकडे दोन्ही प्रश्न एकाच ठरावात, एकाच हात वर करण्यात निकालात निघतात.

७. निष्कर्ष व सूचना

१) कायद्यात दुरुस्ती होण्याची वाट न पाहता प्रत्येक संस्थेला सर्वसाधारण सभेत आपली कार्यपद्धती ठरविता येईल. आधारदांडी, फरशी यांसारख्या अंतर्गत व बिगर-संरचनात्मक कामांना समितीने लेखी परवानगी तत्परतेने द्यावी. शौचालयाच्या कामात पाणीरोधक थराची चाचणी व गळतीची लेखी हमी या अटी घालाव्यात.

२) जाळी व ग्रिल यांचा रंग, आकार आणि उघडता येणारा भाग यांचा एक नमुना सभेने एकदाच मंजूर करावा, म्हणजे प्रत्येक अर्जावर स्वतंत्र वाद होणार नाही.

३) रॅम्प, कठडा व लिफ्ट यांबाबत नकार द्यावयाचा झाल्यास तो ठरावीक मुदतीत, सकारण व अभियंत्याच्या लेखी अभिप्रायासह द्यावा. अग्निशमनाची वाट अडणे हे योग्य कारण आहे. एखाद्याची गाडी हलणे हे चर्चेने सुटण्यासारखे कारण आहे.

४) स्थायी रॅम्प शक्य नसेल तेथे उचलता येणारा रॅम्प, कमोड बसविणे शक्य नसेल तेथे कमोड-खुर्ची, अशा पर्यायांचा विचार नकारापूर्वी व्हावा.

५) शासनस्तरावर आदर्श उपविधींत आरोग्यविषयक बदलांसाठी स्वतंत्र तरतूद करणे आणि तीत ‘वाजवी समायोजन’ या तत्त्वाचा समावेश करणे इष्ट ठरेल.

समारोप

सहकाराचे मूळ तत्त्व परस्परसाहाय्य हे आहे. गृहनिर्माण संस्थेत ते तत्त्व वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर असते, परंतु त्याची कसोटी जिन्याच्या पहिल्या पायरीवर लागते. आज बहुमतात असणारा प्रत्येक सभासद कालांतराने त्याच पायरीपाशी येणार आहे, हे वास्तव ठराव मांडताना विसरता येणार नाही. अनेक महाविद्यालयीन अध्यापक आपापल्या संस्थांत सभासद वा पदाधिकारी असतात. विषयपत्रिकेतील प्रश्नाची मांडणी ‘परवानगी द्यावी काय’ याऐवजी ‘हे काम सुरक्षितपणे कसे करता येईल’ अशी करणे त्यांच्या हाती आहे. शब्दांचा हा लहानसा बदल एखाद्या वृद्धाला पुन्हा रस्त्यावरचे ऊन दाखवू शकतो.